विश्रामबागवाडा : अकरा वर्षे पेशव्यांचा, दोनशे वर्षे पुण्याचा

१८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याला आग लागली. थोरल्या बाजीरावांनी उभारलेला, मराठी राज्याची सूत्रे जिथून हलत असत तो वाडा कित्येक दिवस धुमसत राहिला आणि शेवटी जोती, तट, बुरूज आणि दरवाजे एवढेच उरले. तो पुन्हा बांधायला कोणी पुढे आले नाही. पुढे अर्धशतकाने, १८७९ च्या मे महिन्यात, पुण्यात एकाच रात्री दोन वाडे पेटले. त्यांतला बुधवारवाडा जळून गेला तो कायमचाच. दुसरा विश्रामबागवाडा. त्याचा पूर्वेकडचा भाग भस्मसात झाला. पण लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने भर घातली आणि जळालेली बाजू पुन्हा उभी राहिली. म्हणूनच आज थोरल्या बाजीराव रस्त्यावरून जाणाऱ्याला सदाशिव पेठेत पेशवाईतला एक राजवाडा डोक्यावरच्या छतासकट पाहायला मिळतो. शनिवारवाडा मानाने किती तरी मोठा, इतिहासाने किती तरी जड. बुधवारवाडा तर विश्रामबाग बांधणाऱ्या पेशव्याचाच. मग टिकला तो विश्रामबागच का?

या प्रश्नाचे सोपे उत्तर दैवाकडे बोट दाखवते: एक जळला, एक वाचला, एवढेच. ते पुरेसे नाही, कारण विश्रामबागही जळालाच होता. फरक पडला तो जळाल्यानंतर. आपल्याकडे जुन्या वास्तूंचा इतिहास बहुतेक वेळा बांधणाऱ्याच्या नावापाशी सुरू होतो आणि त्याच्या पतनापाशी संपतो. पुढची शंभर-दोनशे वर्षे पडझडीची किंवा सरकारी कचेऱ्यांची म्हणून दोन ओळींत गुंडाळली जातात. विश्रामबागवाड्याच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. हा वाडा पेशव्यांच्या वापरात जेमतेम अकरा वर्षे होता. पाठशाळा, कॉलेज, हायस्कूल, नगरपालिका अशा नात्यांनी पुण्याच्या वापरात तो दोनशे वर्षे आहे. माझे म्हणणे असे की, वाडा वाचला तो या दोनशे वर्षांमुळे. आणि म्हणून त्याचे रक्षण करायचे तर पेशवाईच्या अकरा वर्षांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या दोनशे वर्षांचे रक्षण करायला हवे.

आधी ती अकरा वर्षे पाहू, कारण त्यांच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. दुसरा बाजीराव १७९६ च्या डिसेंबरात गादीवर आला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला, बाजीराव पुणे सोडून पळाला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. तैनाती फौजेच्या खर्चासाठी सालीना २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. १८०३ च्या मे महिन्यात तो इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात पुण्यात परतला. पाठोपाठ दख्खनात भीषण दुष्काळ पडला. फौजांनी उद्ध्वस्त केलेल्या गावांत पेरायला माणसे उरली नव्हती. अशा काळात सरदार हरिपंत फडक्यांच्या बागेच्या जागेवर नवा राजवाडा उठू लागला आणि १८०७ च्या सुमारास तो उभा राहिला. खर्च सुमारे दोन लाख रुपये सांगतात. तहात गेलेल्या एका वर्षाच्या उत्पन्नाशी तो ताडून पाहिला, तर विश्रामबागसारखे तेरा वाडे दरसाल बांधता आले असते. वाड्याचा खर्च डोळ्यांवर येतो खरा, पण खरी किंमत वसईला मोजली गेली होती.

बाजीरावाला शनिवारवाडा का नकोसा झाला, याचे लोकांनी लावलेले कारण सर्वांना ठाऊक आहे. १७७३ मध्ये त्याच वाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि त्याचा ठपका बाजीरावाचे वडील रघुनाथराव यांच्यावर आला. १७९५ मध्ये सवाई माधवराव तिथूनच पडून गेले. या आठवणींनी बाजीराव अस्वस्थ होत असे, असे सांगितले जाते. माणसाच्या मनातले कुणी पाहिले आहे! पण कागदावर आणि जमिनीवर जे दिसते, ते एवढे: या पेशव्याने गावात शुक्रवारवाडा, बुधवारवाडा, विश्रामबागवाडा असे एकामागून एक वाडे बांधले, आणि त्यांतल्या एकाचे नावच विश्रामाचे ठेवले. ज्या राज्याच्या कारभाऱ्यांचा जन्म स्वाऱ्यांत जात असे, त्या राज्याच्या शेवटच्या धन्याला विश्रांतीसाठी वाडा बांधण्याइतकी सवड होती, कारण राज्याचे रक्षण त्याने परक्यांच्या स्वाधीन केले होते. वाड्याच्या नावातच त्या काळाची सगळी शोकांतिका आहे आणि ती झाकून वाड्याचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

वाडा बांधवून घेणारा बाजीराव. घडवणारे मात्र सुतार, गवंडी आणि पाथरवट. त्यांच्या हाताची साक्ष वाड्यात पावलोपावली मिळते. रस्त्याकडून पाहिले की दगडी जोते आणि वरच्या मजल्याचा, पुढे झेपावलेला कोरीव लाकडी सज्जा नजरेत भरतो. प्रवेशद्वारावरचा हा सज्जा नक्षीदार हस्तांनी तोलून धरला आहे. आत चौक, चौकाभोवती सोपे, वर दिवाणखाना, ही मांडणी मराठी वाड्याला सरावलेल्या कुणालाही घरची वाटेल. पण खरे थांबावे ते खांबापाशी. हा सुरूचा खांब. दगडी तळखड्यावर तो उभा राहतो. बुडाशी पाकळ्या मिटलेल्या कळीसारखा फुगतो, मग सुरूच्या झाडासारखा निमुळता होत वर जातो, अंगावर उभ्या पन्हळी, आणि माथ्याशी पुन्हा पानांचा गुच्छ. दोन खांबांमध्ये महिरप, आणि महिरपीच्या मधोमध लोंबणारे केळफूल. ही महिरप कमानीसारखी दिसत असली, तरी दगडी कमानीसारखा भार ती उचलत नाही. कोरलेल्या सागवानी फळ्या खांबांच्या मध्ये बसवल्या आहेत. भार जातो तो वरच्या तुळईवरून सरळ खांबात आणि खांबातून तळखड्यात. सुताराने सौंदर्य आणि बळ यांची कामे वेगळी वाटून दिली आणि दोन्ही एकाच लाकडातून काढली.

वाडा का टिकला, याच्या उत्तराचा पहिला धागा याच बांधणीत सापडतो. मराठी वाडा हा मुळात लाकडी सांगाडा असतो. खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटावर मातीचा थर, असा त्याचा कडीपाट. जोत्यापर्यंत दगड, वर विटा. पण आतल्या पुष्कळशा भिंती केवळ आडोसा देतात, भार घेत नाहीत. मोजमाप चालते ते खणांवर. दोन तुळयांमधली, साधारण पाच-सहा फुटांची जागा म्हणजे एक खण. घर किती मोठे, तर इतक्या खणांचे. सोपा दुखणी की तिखणी, एवढे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जागा उभी राहते. खोलीचे काम काय, हे इथे भिंतीने कायमचे बांधून टाकलेले नसते. जो सोपा सकाळी कारकुनांचा, तोच संध्याकाळी कीर्तनाचा होतो. पडदे सोडले की दालन, काढले की दरबार. म्हणून राजवाड्याची पाठशाळा करायला फारशी तोडफोड करावी लागली नाही. चौकाभोवतीच्या सोप्यात एकेका शास्त्र्याने आपापल्या विद्यार्थ्यांना घेऊन बसावे, हे तर वाड्याच्या अंगवळणी पडलेलेच होते. पुढे वर्ग झाले, मग कारकुनांची मेजे आली, तरी सांगाडा तोच राहिला. खणांच्या या शिस्तीत बदलाला जागा होती आणि बदलाला जागा असते तिथेच वापर टिकतो.

दुसरा धागा पैशाच्या वाटेने येतो. पेशवाईत श्रावणात दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशींचे ब्राह्मण जमत आणि लाखांनी रुपये वाटले जात. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढच्या जूनमध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन होऊन आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला गेला. राज्य गेले, पण दक्षिणेची अपेक्षा मागे राहिली. नव्या इंग्रजी कारभाराची सूत्रे हाती असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन धोरणी होता. जिंकलेल्या मुलखातला विद्वान वर्ग दुखवू नये, म्हणून त्याने दक्षिणा एकदम बंद केली नाही. ती पन्नास हजारांवर आणली आणि तिचा काही भाग विद्येकडे वळवायचे ठरवले. त्यातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, दख्खनचा कमिशनर विल्यम चॅप्लिन याच्या कारकिर्दीत, विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. मुख्य शास्त्री राघवाचार्य रामानुज. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष, वैद्यक आणि वेद असे विषय, विद्यार्थ्यांना वेतन. सरकारचा हेतू राजकीय होता, यात शंका नाही. तरीही एक मोठी गोष्ट घडून गेली. जे धन वर्षातून एकदा हातावर ठेवले जाई, ते बाराही महिने चालणाऱ्या संस्थेत जाऊ लागले आणि त्या संस्थेला छप्पर मिळाले ते पेशव्यांच्या वाड्याचे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ही पाठशाळा सुरुवातीला फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. मग वाडा पुण्याचा झाला असे कसे म्हणायचे? एका जातीच्या हातून तो त्याच जातीच्या हाती गेला, एवढेच म्हणावे लागेल. आक्षेपातले सत्य पूर्णपणे मान्य करायला हवे. १८२१ मध्ये विश्रामबागवाडा सार्वजनिक नव्हता. एका वर्गाच्या विद्येचा तो नवा आश्रय होता. पण संस्थेचा एक गुण असा की, तिचे दार एकदा नियमांवर चालू लागले की त्या नियमांवर वाद घालता येतो. दानावर वाद घालता येत नाही. दाता देईल तसे घ्यावे लागते. दक्षिणेचा पैसा सरकारी फंडाचा झाल्याबरोबर तो कुणाला आणि कशासाठी, हा प्रश्न पुण्याच्या चव्हाट्यावर आला. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुख आणि इतर सुधारकांनी मागणी केली की, या फंडातली काही रक्कम मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावी. सनातनी मंडळी खवळली. या अर्जाच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत जोतीराव फुले होते. पुढे दक्षिणा फंडातून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली आणि मुलींच्या शाळांनाही मदत झाली.

याच काळात वाड्यात मेजर थॉमस कँडी आले. १८३७ पासून पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती. मराठी कोशकार मोल्सवर्थच्या कोशकार्यातले हे सहकारी; १८४७ मध्ये निघालेल्या इंग्रजी-मराठी कोशावरही दोघांची नावे आहेत. मराठी वाक्यात स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, हे शिकवणारे विरामचिन्हांवरचे छोटे पुस्तक कँडींनी लिहिले. आज मराठीतले प्रत्येक छापील वाक्य ज्या खुणांवर श्वास घेते, त्या रुळवण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. संस्कृतात मुरलेल्या या शास्त्र्याने पुढे इंग्रजी आत्मसात करून सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले. १८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आले आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. आधुनिक मराठी गद्य कुठल्या छपराखाली वाढले, असे कुणी विचारले, तर जी मोजकी ठिकाणे सांगावी लागतील, त्यांत विश्रामबागवाडा अग्रभागी आहे.

आणि मग १६ नोव्हेंबर १८५२ चा दिवस. पंचवीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांचा, मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा चालवल्याबद्दल, सरकारतर्फे विश्रामबागवाड्यात सत्कार झाला. मेजर कँडींच्या हस्ते त्यांना शालजोडी देण्यात आली. या प्रसंगाचे पुरते वजन लक्षात यायचे तर वाड्याचा इतिहास ठाऊक असावा लागतो. ज्याच्या राज्यात शूद्राने विद्या घ्यावी हे अमान्य होते, त्या पेशव्याने आपल्या विश्रांतीसाठी बांधलेल्या वाड्यात, तो पेशवा गेल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी (बाजीराव १८५१ च्या जानेवारीत ब्रह्मावर्ताला वारला होता), एका माळ्याच्या मुलाच्या खांद्यांवर सन्मानाची शाल पडली. बाहेर सनातन्यांचा विरोध चालूच होता. एका शालीने शतकांचा अन्याय धुऊन निघत नाही. पण त्या दिवशी वाड्याच्या अर्थात जी भर पडली, ती कुठल्याही पेशव्याला घालता आली नसती. विश्रामबाग पाहायला येणाऱ्याला सुरूचे खांब दाखवताना त्या खांबांदेखत हे घडले, असे सांगितले जात नसेल, तर त्याला अर्धाच वाडा दाखवला जातो.

आता १८७९ च्या आगीकडे परत येऊ. ते वर्ष पुण्याच्या छातीवर दडपण आणणारे होते. १८७६ ते ७८ चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हादरले होते. मेच्या त्या रात्री दोन वाडे पेटले तेव्हा आग लावल्याचा संशय सहजच बंडाकडे वळला. संशयाचे वातावरण एवढे गडद होते की, न्यायमूर्ती रानड्यांची बदली धुळ्याला झाली. अशा वेळी जळक्या वाड्यासाठी वर्गणी काढणे सोपे नव्हते. तरी ती निघाली. हे कोणाचे पुणे होते? शनिवारवाडा जळाला त्या १८२८ मध्ये पुण्यात पराभूत राजधानीची माणसे राहत होती: धनी गेला, चाकरी गेली, दरबार उठला, अशी. त्यांच्यापाशी एकत्र येऊन काही मागण्याची किंवा उभारण्याची यंत्रणा नव्हती. १८७९ च्या पुण्यात नगरपालिका होती, नेटिव्ह जनरल लायब्ररी होती, १८७० पासून सार्वजनिक सभा होती, वर्तमानपत्रे होती. सभा घ्यायची, अर्ज करायचा, वर्गणी गोळा करायची, हिशेब छापायचा, या साऱ्याची सवय झालेले हे शहर होते. या सवयी लावणाऱ्या पिढीतली किती तरी माणसे विश्रामबागच्या सोप्यात बसून शिकली होती. वाड्याने शहर घडवायला हातभार लावला आणि शहराने वाडा सावरला.

यावर कोणी म्हणेल की, वापरानेच वास्तू वाचत असेल, तर शनिवारवाडाही रिकामा नव्हता. बरोबर आहे. १८१८ नंतर तिथे कलेक्टर रॉबर्टसन राहिला, मग तुरुंग झाला, रुग्णांची आणि वेड्यांची सोय झाली. बुधवारवाड्यात तर सरकारी कचेऱ्या आणि ग्रंथालयही होते. म्हणजे वापर होताच. वाडे मात्र गेले. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला धार आणतो. नुसता वापर पुरत नाही. तुरुंगात माणसे नाइलाजाने जातात आणि सुटल्यावर मागे वळून पाहत नाहीत. कचेरीत काम उरकले की माणूस निघून जातो. शाळेत मूल आपले दिवस घालवते आणि मोठेपणी आपल्या मुलाला घेऊन त्याच दारात येते. १८२१ पासून १८७९ पर्यंतची अठ्ठावन्न वर्षे, म्हणजे दोन-तीन पिढ्या, विश्रामबागच्या चौकाशी अशा नात्याने बांधल्या गेल्या होत्या. बुधवारवाडा पूर्ण जळाला आणि विश्रामबागचा एकच भाग जळाला, हा नशिबाचा वाटा मी नाकारत नाही. पण अर्धवट जळालेल्या इमारती पाडून मोकळे होण्याची पद्धत तेव्हाही होती आणि आजही आहे. ती विश्रामबागला लावली गेली नाही, हे नशिबाने घडत नाही.

पुढे वाड्यात सरकारी हायस्कूल भरत राहिले. १९३० च्या सुमारास पुणे नगरपालिकेच्या कचेऱ्या इथे आल्या आणि १९५९ पर्यंत राहिल्या. १५ फेब्रुवारी १९५० रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, ते स्थित्यंतर याच छपराखाली पार पडले. ज्या काळी एका माणसाच्या मर्जीने मुलूख इजाऱ्याने दिला जाई, त्या काळच्या वाड्यात निवडून आलेले सभासद नळ, दिवे आणि गटारे यांवर हुज्जत घालू लागले. महसूल वसुलीचा मक्ता लिलावाने देऊन रयतेला पिळणाऱ्या कारभाराचे स्मरण ठेवले, तर या हुज्जतीचे मोल कळते. नंतर पोस्ट, वाचनाची जागा, प्रदर्शने असे वाड्याचे उपयोग होत गेले. 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शनही इथेच मांडले गेले. राजवाड्याचे पोस्ट होणे हा काहींना अपमान वाटतो. मला त्यात वाड्याचा मोठेपणा दिसतो. पत्र टाकायला आलेल्या माणसाला वाड्याच्या उंबऱ्यावर कुणाची परवानगी काढावी लागत नाही.

तरीही वापराने वास्तू झिजते, हे कसे नाकारणार? कोरीव खांबांवर तैलरंगाचे थर चढतात, महिरपींतून विजेच्या तारा नेल्या जातात, सोप्यात पत्र्याचे आडोसे उभे राहतात, कागदांच्या कपाटांखाली कडीपाट वाकतो. जुन्या वाड्यांना असे घाव कचेऱ्यांनीच अधिक घातले आहेत. म्हणून काही जाणकार म्हणतात की, वाडा रिकामा करावा, दुरुस्त करावा आणि फक्त पाहण्यासाठी ठेवावा. त्यांची कळकळ खरी आहे. उपाय मात्र मला पटत नाही. सागवानी घराला माणसाचा वावर लागतो. रोज केर काढणारा हात कौल सरकलेले पाहतो, भिंतीतली ओल पहिल्या पावसातच ओळखतो, खांबाच्या बुडाशी वाळवीने वर चढवलेली मातीची रेघ वेळीच पुसतो. बंद वाड्यात हे सगळे लक्षात येते ते तुळई खचल्यावर. तेव्हा वापर हवाच, पण वाड्याच्या प्रकृतीला मानवणारा. वरच्या मजल्यावर कागदांचे किंवा यंत्रांचे ओझे नको. जे काही आत बसवले जाईल, ते खांबाला खिळा न मारता काढून घेता आले पाहिजे. आणि दोन आगींचा इतिहास असलेल्या शहरात वीज आणि आगीची व्यवस्था हा पहिला खर्च असला पाहिजे. वाचन, व्याख्यान, प्रदर्शन, लहान मुलांचे वर्ग ही कामे या कसोटीला उतरतात, आणि वाड्याच्या दोनशे वर्षांच्या स्वभावाशीही जुळतात.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. पूर्वेची बाजू १८७९ नंतरची असेल, तर तिला पेशवेकालीन कसे म्हणायचे? म्हणू नये. पण म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही. लाकडी वास्तूचे आयुष्य नेहमीच बदललेल्या तुळयांनी आणि नव्याने बसवलेल्या कड्यांनी वाढत आले आहे. त्याच रीतीने काम करणारा सुतार आहे तोवर वाडा अस्सल राहतो. शिवाय ही पुन्हा बांधलेली बाजू स्वतःच एक दस्तऐवज आहे. पश्चिमेचे खांब पेशव्याच्या खजिन्याची साक्ष देतात, तर पूर्वेची बाजू पुणेकरांच्या वर्गणीची. पुण्यातल्या नागरी जीवनाचे याहून जुने, याहून ठोस आणि याहून बोलके स्मारक शोधायला गेले तर सहज सापडणार नाही. दुरुस्तीच्या नावाखाली दोन्ही बाजू एकसारख्या 'पेशवेकालीन' करून टाकल्या, तर एक खरा इतिहास पुसून त्या जागी एक खोटा इतिहास कोरल्यासारखे होईल.

उरतो सर्वांत कठीण आक्षेप: दुसऱ्या बाजीरावाची वास्तू जपायचीच कशाला? ज्याने राज्य घालवले, ज्याच्या कारभारात रयत नागवली गेली, जातीची उतरंड घट्ट झाली, त्याच्या विलासाचे खांब पुसत बसण्यात काय अर्थ? ही चीड न्याय्य आहे. पण वास्तू जपणे म्हणजे बांधणाऱ्याचा गौरव करणे, हे समीकरणच चुकीचे आहे. वाडा पाडल्याने बाजीरावाला शिक्षा होत नाही. शिक्षा होते ती त्या सुतारांना, ज्यांची नावे फारशी उरली नाहीत पण हात उरले आहेत. आणि त्यांना, ज्यांनी पुढे या वाड्याचा अर्थ बदलला. जागा गेली की अर्थ किती लवकर पोरका होतो, हे बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याने दाखवले. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली ती भिडेवाड्यात. शाळा तिथून गेली, वाडा दुकाने आणि गाळ्यांच्या वापरात राहिला, मोडकळीला आला, वर्षानुवर्षे कज्जा चालला, आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी जागा मोकळी करायची म्हणून तो पाडावा लागला. नवे स्मारक भव्य होईल. पण ज्या भिंतींनी पहिल्या मुलींचे पाढे ऐकले, त्या भिंती आता कुठल्याही निधीतून परत येणार नाहीत. सावित्रीबाई-जोतीरावांच्या कामाला सरकारी मान मिळाला तो विश्रामबागवाडा मात्र अजून उभा आहे. बाजीरावावरच्या रागापायी तो हातचा घालवणे म्हणजे फुल्यांच्या इतिहासातले एक उभे घर घालवणे.

म्हणून वारसा म्हणून संरक्षण देताना काय जपायचे, याची यादी आता नव्याने लिहायला हवी. तिच्यात सज्जा, सुरूचे खांब आणि केळफुले असावीतच. पण राघवाचार्यांची पाठशाळा, कँडींचे विराम, फुल्यांची शाल, १८७९ ची वर्गणी आणि नगरपालिकेची हुज्जतही असावी. वाड्याच्या दारावरचा फलक जेव्हा केवळ 'दुसऱ्या बाजीरावाचे निवासस्थान' एवढे सांगतो, तेव्हा तो दोनशे वर्षे सोडून अकरा वर्षांचेच बोलतो. कायदा वास्तूला पाडण्यापासून वाचवू शकतो. आगीनंतर तिच्यासाठी खिशात हात घालायला लावू शकत नाही. ते काम तिथे शिकलेल्या, वाचलेल्या, भांडलेल्या माणसांच्या आठवणीच करतात, आणि अशा आठवणी तयार व्हायला दार उघडे असावे लागते. विश्रामबागच्या सोप्यात आज एखादे मूल पुस्तक घेऊन बसले असेल, तर वाड्याची पुढची वर्गणी तिथे जमू लागली आहे, असे समजावे.